काठीवाल्याचं तोंड

आमच्या घरात माणसांपेक्षा घोडे जास्त होते. दाराच्या आतल्या अंगाला एक, चुलीमागे धुरानं काळाठिक्कर पडलेला एक, आणि मी जिथं निजायची तिथं तर अख्खी पागाच होती. तात्या, म्हणजे माझे वडील, मावळातल्या सात-आठ गावांचे चितारी. लग्नघराच्या दाराशी भालदार-चोपदार काढायचे, देवळांच्या भिंती रंगवायच्या, पाळणे आणि पाट रंगवून द्यायचे, आणि त्याबद्दल सुगीला प्रत्येक गावातून आमच्या कणगीत भात यायचा. हात रिकामा राहिला की तात्यांना करमायचं नाही, मग घरातल्या भिंतीवर आणखी एक घोडा वाढायचा. आई म्हणायची, "ह्यातला एक जरी दाणा खाणारा असता ना, तर आपण कवाच भिकंला लागलो असतो."

घराला वास होता तो डिंकाचा. डिंक भिजत घातलेलं मडकं चुलीशेजारी कायम असायचं आणि त्याच्यावर कायम एक माशी. काव, पिवडी, नीळ, चुना आणि दिव्यावर धरलेली काजळी, एवढ्यावर आमचं सगळं जग रंगायचं. रंग वाटायला वेगळा पाटा होता. एकदा माझी आत्या मुक्कामाला आली आणि तिनं आपुलकीनं त्याच पाट्यावर कारळ्याची चटणी वाटली. कावेनं लालभडक झालेली ती चटणी सगळ्यांनी भाकरीवर घेऊन खाल्ली, आणि तात्या म्हणाले, "तिखट कमी पडलंय, पर रंग झ्याक आलाय." आत्या पुढं जन्मभर आमच्याकडं भाकरीवर नुसतं मीठ मागायची. सकाळी पाट्याची घरघर, दुपारी घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनाचा दम, आणि त्या वर्षांत या सगळ्यावर कंपनीच्या धरणाच्या कामावरचे सुरुंग. सुरुंग उडाला की उतरंडीतली मडकी हलायची. तात्यांची रेघ नेमकी तेव्हा चुकली तर ते म्हणायचे, "कंपनीनं घोड्याला लाथ मारली."

आमचा डिंक यायचा वरच्या वाडीतून. वाडी रानावर जगणाऱ्या ठाकरांची, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. ठकूमावशी डिंक, मध, मेण घेऊन उतरायची, आईजवळ बसून भाकरी खायची आणि जाताना मीठ-मिरची न्यायची. तिचा नवरा बुधाबाबा. उंच, वाळका, एका खांद्यावर घोंगडी, नाकाचं हाड मधे किंचित मोडलेलं, खालचा ओठ पुढं. माणूस कमी बोलायचा. पण जत्रेच्या दिवशी गावात त्यांच्यासारखा माणूस नसायचा, कारण देवाची काठी वाडीची होती. डोंगरावरचा सगळ्यांत लांब बांबू वाडीच्या माणसांनी तोडून आणायचा, त्याला कापड गुंडाळायचं, शेंड्याला मोरपिसं बांधायची, आणि बुधाबाबानं तो छातीशी उभा धरून पालखीच्या पुढं चालायचं. काठी पुढं, पालखी मागं, आणि पाटील तिच्याही मागं. बुधाबाबाच्या आधी त्यांच्या बापानं काठी धरली होती, त्याच्या आधी आज्यानं. गावात ज्याला देवापुढं मान आहे तो गावचा, इतका सरळ हिशोब होता आमच्याकडं.

मग धरणात पाणी अडलं आणि वाडी पाण्याखाली गेली. आजूबाजूची दोन-तीन गावंही गेली. शेतकऱ्यांना काही ना काही हातात पडलं म्हणतात, वाडीच्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ती डोक्यावर मडकी आणि काखेत कोंबड्या घेऊन डोंगर ओलांडून आली आणि आमच्या गावच्या वरच्या उतारावर कुडाच्या झोपड्या घालून राहिली. ठकूमावशी त्यानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आली तेव्हा तिच्या पिशवीत डिंक नव्हता. आईनं तिच्यापुढं नाचणीची भाकरी ठेवली. ती म्हणाली, "झाडंबी पान्यात गेली गं." गावानं पहिलं वर्ष त्यांना राहू दिलं. दुसऱ्या वर्षी कुरकुर सुरू झाली, की गावच्या गायरानावर ही माणसं कोण म्हणून राहतात? आबा पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "वाडी पान्यात गेली, तिचा मान बी पान्यात गेला. औंदा काठी सुताराचा पोरगा धरंल. आन् जत्रा झाली की ह्यांनी आपली दुसरीकडं सोय बघावी." म्हणजे काठी गेली की वाडी हलणार, हे उघड होतं.

आबा पाटील वाईट माणूस नव्हते, हे मी आज सांगते, तेव्हा मला ते राक्षस वाटायचे. त्याच साली त्यांनी देवळाची बाहेरची लांब भिंत रंगवायला तात्यांना सांगितली होती. जत्रेची सगळी मिरवणूक काढायची, काठीपासून शेवटच्या बाईपर्यंत. भिंत बाजाराच्या मैदानाकडं तोंड करून, म्हणजे आठवड्याच्या बाजाराला येणारा प्रत्येक माणूस ती बघणार. देवळाच्या आतलं काम असतं तर पोरीचा हात लोकांना चालला नसता. बाहेरची भिंत म्हणून चालला. आम्हाला भाऊ नव्हता, आई नक्षीची पट्टी काढायची, आणि माझं लग्न ठरायचं होतं, तेवढ्यात माझ्या हाताचा उपयोग करून घ्यावा असा तात्यांचा व्यवहार.

आता इथं मला तात्यांच्या कलेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, आणि ते वर बसून ऐकत असतील तर ऐकू देत. त्यांच्यासारखा घोडा पुन्हा मावळात कुणी काढला नाही. पण त्यांची माणसं सगळी एकाच आईच्या पोटची. बाजूनं दिसणारं तोंड, पोपटासारखं नाक, माशासारखा डोळा. हातात छत्री असली की पाटील, मशाल असली की न्हावी, पंचांग असलं की जोशी. त्यांच्या वडिलांनी तसंच काढलं होतं, आणि तोंड ओळखू यायला हवं असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. माझ्या डोक्यात ते शिरलं लोणावळ्यात. एका पारशी शेटजींच्या बंगल्याच्या खिडक्यांवर तात्यांना वेलबुट्टी काढायची होती, मी रंगाची मडकी घेऊन बरोबर गेले. दिवाणखान्यात शेटजींच्या आईची तसबीर होती, तेलाच्या रंगांत. म्हातारीच्या एका डोळ्याची पापणी दुसरीपेक्षा थोडी खाली. मी तिथं जी खिळले ती तात्यांनी हाक मारेपर्यंत. ती बाई मेली होती, तरी ती कोण होती हे मला कळत होतं. घरी आल्यावर मी कोळशानं दारामागं पहिल्यांदा आईचं तोंड काढलं. आईनं बघितलं आणि म्हणाली, "एवढी रागीट हाय का मी?" मग तात्यांकडं वळून तिनंच उत्तर दिलं, "हाय."

भिंतीचं काम असं वाटलं गेलं की घोडे, पालखी, छत्र्या तात्यांच्या आणि तोंडं माझी. तात्यांना गंमत वाटत होती. मी पहिलं तोंड जोशीबुवांचं केलं, गालफडं बसलेली, शेंडी वाऱ्यावर. बाजाराच्या दिवशी लोक थांबले. एक बाई ओरडली, "आगं बया, बुवा भितीवर!" त्या दिवसापासून आमचं काम बघायला जत्रेआधीच जत्रा भरू लागली. न्हावी येऊन म्हणाला, "माझं नाक येवढं न्हाई." त्याच्या बायकोनं मागून सांगितलं, "हाय, पोरी, तसंच ऱ्हाऊ दे." पाटलांना त्यांच्या मिशा फार आवडल्या, ते दोनदा येऊन बघून गेले. पाटलीणकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, आरतीचं ताट घेतलेल्या बायकांत सगळ्यांत पुढं होत्या. त्यांच्या हनुवटीवरचा तीळ मी ठेवला आणि पुढच्या दोन दातांतली फटही. त्या डोक्यावरचा पदर सावरत लांबून बघायच्या.

राहिला काठीवाला. मिरवणुकीच्या अगदी पुढं, भिंतीच्या उजव्या टोकाला, तात्यांनी उभा देह काढून ठेवला होता. हातात ती लांब काठी, खांद्यावर घोंगडी, आणि मानेच्या वर नुसता चुना. पाटलांचा निरोप आला होता, की सुताराच्या पोराचं तोंड काढा. तात्यांनी तो निरोप ऐकला, मला नेमकं शब्दाशब्दानं सांगितला, खारीच्या केसांचा बारीक कुंचला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी जरा नदीवर जाऊन रंगाची मडकी घासून येतो." मडकी घासणं हे काम तात्यांनी जन्मात केलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले, आणि मग वळून बुधाबाबाचं तोंड काढायला घेतलं. ते समोर बसायला नव्हते. मान काढून घेतल्यापासून ते गावात उतरलेच नव्हते. पण आमच्या ओसरीवर भाकरी खाताना मी त्यांना इतकी वर्षं बघितलं होतं, की मला ते नाक, तो ओठ शोधावा लागला नाही. माझ्या आयुष्यात पुढं मी पुष्कळ तोंडं काढली, पैसे घेऊन काढली, शाळांतून काढली. इतका सरळ हात पुन्हा कधी चालला नाही. मला त्या तोंडाचा गर्व आहे आणि या वयात मी तो लपवणार नाही.

तात्या परत आले. मडकी तशीच मळकी होती. ते भिंतीपुढं उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "व्हय. बुधाच हाय."

दुपारपर्यंत गावभर झालं. आबा पाटील आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तात्यांना म्हणाले, "चितारी, आमी तुला काय सांगितलंवतं?"

"पोरीचा हात हाय, आबा. तिला जे दिसतं ते ती काढती."

"मंग उद्या सकाळी तिच्याच हातानं पुसायचं. आमी सोता येतो. उद्या भितीला कुंकू लागायचंय, त्याच्या आदी हे तोंड गेलं पायजे. न्हाईतर चितारी दुसरा बघू, भातबी त्यालाच जाईल."

आमच्याकडं रीत अशी, की देवाची भिंत रंगवून झाली की जत्रेच्या आदल्या सकाळी पाटलीण पहिली येते आणि प्रत्येक मानकऱ्याच्या चित्राला हळदीकुंकू लावते. एकदा कुंकू लागलं की भिंत कायम झाली, आणि तिच्यावरचा ज्याचा त्याचा मानही. मग रंग आपसूक विरेपर्यंत तिला कुंचला लावायचा नाही, मग ते पाटील असोत नाही तर चितारी. म्हणून पाटलांना घाई होती. संध्याकाळी आईनं आंबेमोहोराचा भात शिजवला होता, सणासारखा, उगीचच. तो वाढताना ती म्हणाली, "खा. पुढल्या साली कुणाचा खायचा ते देव जाणं." मी तात्यांना विचारलं, "पुसू का?" ते म्हणाले, "तुजं तोंड हाय, तू काडलंयस. मी पुस म्हणत न्हाई, नको बी म्हणत न्हाई." मला त्यांचा फार राग आला. चौदा वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं कुणी टाकतं का? आज मला कळतं, की दुसरा कुठला बाप मला ते तोंड माझं आहे असं म्हणाला नसता.

सकाळी भिंतीपुढं अर्धं गाव जमलेलं. पाटील पटका बांधून एका बाजूला उभे. माझ्या हातात पाण्यात भिजवलेला चिंध्यांचा बोळा, त्यातून थेंब माझ्या पायावर पडत होते. तेवढ्यात वाजंत्री आली आणि तिच्यामागं बायका, पुढं पाटलीणकाकी, हातात हळदीकुंकवाचं ताट, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांची यायची वेळ अजून झाली नव्हती. त्या लवकर आल्या. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची त्या काळी पद्धत नव्हती, त्यांनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्यापाशी आल्या.

"गोदे, हातात काय गं तुज्या?"

"बोळा."

"कशाला?"

"पुसायला."

"कुनाला?"

मी बोटानं दाखवलं. "बुधाबाबाला."

"का? त्येनं काय केलं?"

मी म्हणाले, "त्यांची वाडी पान्यात गेली, म्हणून."

पाटलीणकाकींनी ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं. मग सावकाश चालत त्या भिंतीवरच्या आपल्या चित्रापाशी गेल्या आणि त्याच्या शेजारी पाठ टेकून उभ्या राहिल्या. तोच तीळ, तेच दात. "मंग आदी हितं ये. मला पूस."

"काकी..."

"माजं म्हायेर कुटं हाय, ठावं हाय ना सगळ्यास्नी? त्याच पान्यात हाय. आईची चूल, बापाचं वृंदावन, सारं त्याच पान्यात. बुडाल्याला मान ऱ्हात न्हाई म्हनत्यात. मंग मी बी बुडालेलीच. बुडालेल्या बाईच्या हातचं कुंकू देवाला कसं चालंल? पूस की गं. बोळा वाळंल."

आवाज चढलेला नव्हता. विहिरीवर बोलावं तसं त्या बोलत होत्या, पण वाजंत्री थांबली होती आणि मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. मी पाटलांकडं बघितलं. त्यांनी पटक्याला हात लावला, घसा खाकरला, वर आभाळाकडं बघितलं. आणि मग तात्यांच्या अंगावर खेकसले, "चितारी, अक्कल हाय का? देवाच्या भितीपाशी पानी कशाला आनलंस? रंग गेला मंजी? टाक तो बोळा!"

तात्यांनी माझ्या हातातून बोळा घेतला आणि इतक्या लांब भिरकावला, की तो एका बैलाच्या पाठीवर पडला. हसू फुटलं, वाजंत्री पुन्हा सुरू झाली. पाटलीणकाकींनी ताट परत घेतलं. भिंतीच्या उजव्या टोकाला, मिरवणूक जिथून सुरू होते तिथं जाऊन त्यांनी पहिलं बोट बुधाबाबाच्या कपाळावर टेकवलं. नंतर पालखी, नंतर जोशी, आणि आबा पाटलांच्या मिशांची पाळी आली तेव्हा ताटातलं कुंकू बरंच कमी झालं होतं. पण त्यांनी तेही मनापासून लावलं.

वाडी हलली नाही. पुढं जंगलाचा एक साहेब त्या झोपड्या कुणाच्या म्हणून विचारत आला, तेव्हा आबा पाटलांनीच छाती काढून सांगितलं, "ती आमच्या काठीची मानसं हाईत." माणसाला माघार घ्यायला एक बैल आणि एक बोळा पुरतो, हे मी त्या दिवशी शिकले आणि संसारात फार वापरलं. आता ती भिंत तेलाच्या रंगाची आहे, चकचकीत. रंगवणारी मुलं शिकलेली, मला आजी म्हणतात, मोटारीतून न्यायला येतात. काठीवाल्याला हात लावण्याआधी ती वाडीतून कुणाला तरी बोलावून घेतात आणि नाक बघून घेतात.

पण मला सांगायची आहे ती कुंकवाच्या दुसऱ्या दिवसाची, जत्रेची गोष्ट. पाटलांचा माणूस नारळ घेऊन वर गेला होता, म्हणून वाडी खाली उतरली. ढोल आधी ऐकू आला, मग झाडीवरून मोरपिसं दिसली, मग ती काठी धरून बुधाबाबा. मागं सगळी वाडी, पोरंटोरं, आणि हातात आमच्यासाठी मधाचं मडकं घेऊन ठकूमावशी. मैदानात येऊन बुधाबाबा भिंतीपुढं थांबले. त्यांच्या घरात आरसा कुठला असणार? मी आईच्या मागं उभी राहून त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी काठी जमिनीला टेकू न देता मान वाकडी करून बघितलं, पुन्हा सरळ करून बघितलं.

"ह्यो म्या न्हाई," ते म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ह्यो माजा बा हाय." त्यांचा खालचा ओठ हलत होता. "असाच हुबा ऱ्हायचा. हितंच. काठी घिऊन."

आबा पाटील चार हातांवर होते. त्यांनी ते ऐकलं आणि हात जोडले, देवाला की भिंतीला ते मला दिसलं नाही. ठकूमावशी पुढं आली. भिंतीकडं निरखून बघत म्हणाली, "म्या लगीन हून आले तवा मामंजी गेलेले. कंदी बघितलंच न्हवतं." मग तिनं मधाचं मडकं आईच्या हातात दिलं, आणि सासऱ्यासमोर घ्यावा तसा डोक्यावरून पदर घेतला.